रोजच्या कामात एखादा छोटासा 'दिवस': तुमच्याकडे काय करता?

कृष्णाकाठी

नमस्कार मंडळी. सांगली-साताऱ्याकडे नोकरी किंवा कामधंदा करणाऱ्यांसाठी हा धागा काढतेय. बाहेरगावचे आले तर आनंदच आहे.

आपल्या भागात बेंदूर असतो. आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे तूप-हळदीनं चोळायचे, सकाळी धुऊन शिंगं रंगवायची, पुरणपोळीचा घास आधी त्याला द्यायचा. त्या दिवशी त्याच्या मानेवर जू नाही. खंडेनवमीला हत्यारांची पूजा, लक्ष्मीपूजनाला व्यापाऱ्याच्या वहीची पूजा. राबणाऱ्याचा आणि ज्या वस्तूनं तो राबतो तिचाही वर्षातून एक दिवस आपल्याकडे ठरलेला होता.

मी कुपवाड एमआयडीसीत एका कारखान्यात डिस्पॅच बघते. चलन, गेटपास, ई-वे बिल, ट्रान्सपोर्टवाल्याला फोन, पुन्हा चलन. या कामाचा सण कुठला? कुरिअर वाटणाऱ्या मुलांचा कुठला? दिवसभर हेडफोन लावून गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या मुलीचा कुठला? नव्या कामांच्या वाट्याला कॅलेंडरात काही आलेलंच नाही. तासन् तास एकसारखे जातात, सोमवार आणि गुरुवारात फरक राहत नाही. म्हणून आपण आपल्या कामाचे छोटे छोटे दिवस स्वतःच शोधावेत असं मला मनापासून वाटतं. आमच्याकडे काही वर्षं हे चाललंय आणि त्यानं खरोखर फरक पडलाय.

आमच्या टाइम ऑफिसजवळ एक काळा फळा आहे. पूर्वी त्यावर फक्त 'हेल्मेट घाला' लिहिलेलं असायचं. आता त्याच्या कोपऱ्यात कुणीतरी खडूनं त्या दिवसाबद्दल दोन ओळी लिहितं. रोज नाही, ज्या दिवशी लिहिण्यासारखं असेल त्या दिवशी.

21 मे हा आंतरराष्ट्रीय चहा दिन. संयुक्त राष्ट्रांनी ही तारीख 2019 मध्ये ठरवली, कारण बऱ्याच देशांत मे महिन्यात चहाच्या तोडणीचा हंगाम सुरू होतो. त्याआधी 2005 पासून भारतासह चहा पिकवणारे देश तो 15 डिसेंबरला पाळायचे. आमच्याकडे या दिवशी एवढंच करतात: रोज किटली घेऊन येणाऱ्या काकांना त्या दिवशी चहा आम्ही पाजतो. स्टोअरमधल्या इंडक्शनवर पॅकिंगची मुलं चहा करतात, काकांना खुर्चीवर बसवतात, कप त्यांच्या हातात देतात. पहिल्या वर्षी काका फार अवघडले होते. आता आले घालायला विसरू नका म्हणून आदल्या दिवशी बजावून जातात. त्यांच्या रोजच्या चहाचे पैसे त्या दिवशीही त्यांना मिळतात, हे आम्ही आवर्जून ठेवलंय. सन्मान करायचा आणि धंदा बुडवायचा असं नको.

5 नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन. 1843 साली याच तारखेला विष्णुदास भाव्यांनी सांगलीत मराठीतलं पहिलं नाटक उभं केलं, सांगलीच्या पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयानं. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे मुद्दाम सांगावं लागतं, सांगलीच्या माणसाला रक्तातच असतं. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ज्याला येईल त्यानं एखादा संवाद म्हणायचा. आमच्याकडे एक क्रेन ऑपरेटर आहेत, एरवी दिवसभरात दहा शब्द बोलणार नाहीत. त्यांनी गावच्या जत्रेत केलेल्या भूमिकेचा उतारा डब्याचं झाकण बंद करून, उभं राहून म्हटला. त्यानंतर त्यांना सगळे नावानं ओळखायला लागले. आधी ते फक्त 'क्रेन' होते. 'क्रेनला बोलवा' असंच म्हणायचे.

आणि मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस, सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली पायाखाली जाते तो. तो आमचा सगळ्यात लाडका. दुपारी साडेबाराच्या सुमारास सगळे शेडच्या बाहेर येऊन आपापल्या पायाखाली बघतात. पाच मिनिटांत काम संपतं, पण त्याची चर्चा आठवडाभर पुरते.

यात खर्च नाही, भाषण नाही, पाहुणा नाही. तुमच्याकडे असं काही होतं का? नसेल तर काय करता येईल? आणि कुणाला हे नकोसं वाटत असेल तर तेही लिहा, कारण नको म्हणणाऱ्याचं ऐकल्याशिवाय हे नीट जमत नाही असा माझा अनुभव आहे.

भडंगप्रेमी

मस्त धागा ताई. आमच्या दुकानात असं काही नाही, पण चहाची कल्पना उचलतोय.

गुण्या_फोरमन

ताई, खंडेनवमीचं लिहिलंत ते बरं केलंत. आमच्या मिरजेच्या शॉपमधी त्या दिवशी सगळी मशीनं बंद. लेथ पुसून काढायचं, बेडवर बुरा राहता कामा नये, कूलंट बदलायचं. मग व्हर्नियर, मायक्रोमीटर, काटकोन तपासायचा गुण्या, ड्रिल सगळं पाटावर मांडून गंध-फूल. नवीन पोरांना मी आधी सांगतो, पूजा म्हणजे साफसफाई. ज्यानं मशीन पुसलं नाही त्यानं नारळ फोडायचा नाही. वर्षभर जे ग्रीसिंग चुकलेलं असतंय ते त्या दिवशी सापडतंय.

पण तुम्ही म्हणता तसा कामातनं निघालेला दिवस आमच्याकडं पण एक हाय. 22 जुलै. परदेशात 14 मार्चला पायचा, म्हणजे गणितातल्या 3.14 वाल्या π चा, दिवस करत्यात, कारण ते महिना आधी लिहित्यात, 3/14. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका विज्ञान संग्रहालयात 1988 साली त्याची सुरुवात झाली. आपण तारीख आधी लिहितो, तर आपला 22/7. शाळेत शिकलेला बावीस सप्तमांश! लेथ चालवणाऱ्या टर्नरचं आख्खं आयुष्य त्या पायवर चाललंय. कटिंग स्पीडचं सूत्र काय? पाय गुणिले व्यास गुणिले आरपीएम (मिनिटाचे फेरे), भागिले हजार. 50 मिमीचा माइल्ड स्टीलचा जॉब असंल आणि एचएसएस म्हणजे हाय स्पीड स्टीलच्या टूलनं मिनिटाला 25 मीटरचा स्पीड ठेवायचा असंल तर आरपीएम येतात 159 च्या आसपास.

त्या दिवशी मी फळ्यावर एक कोडं घालतो. ह्या वर्षीचं सांगतो. 100 मिमी व्यासाच्या जॉबचा परीघ बावीस सप्तमांशनं काढला आणि खऱ्या पायनं काढला, तर फरक किती पडतो? उत्तर हाय जवळपास 0.13 मिमी. आयटीआयची पोरं आधी म्हणाली काहीच नाही. मग मी विचारलं, ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, किती दिलाय? 0.05. मग? गप्प झाली. आरपीएम काढायला बावीस सप्तमांश चालतंय, दोन्हीकडनं 159 च येतंय. परिघावर माप बसवायचं असंल तर चालत नाही. हे पोरांना वर्गात शिकवलं तर जांभया येत्यात. त्या दिवशी मात्र जेवण सोडून कॅल्क्युलेटर घेऊन बसत्यात. बरोबर उत्तर देणाऱ्याला माझ्याकडनं भडंगाची पुडी, आणि ती तो एकटा खात नाही.

माचीपेठ

धागाकर्तीनं नको म्हणणाऱ्यांनाही बोलावलंय म्हणून लिहिते. मी साताऱ्यात एका पतसंस्थेत आहे. कोणती ते सांगत नाही.

आमच्याकडे हे 'दिवस' फार वाईट रीतीनं आले. सुरुवात नवरात्रातल्या नऊ रंगांनी झाली. हे नऊ रंग काही आजीपासून चालत आलेले नाहीत, गेल्या वीसेक वर्षांत वृत्तपत्रांनी रुजवलेत. तरी चालेल, हौस आहे. पण आमच्याकडे ती हौस राहिली नाही. वरिष्ठांनी रोज दहा वाजता ग्रुप फोटो ठरवला. ज्या रंगाची साडी नाही त्या बाईनं मागच्या रांगेत उभं राहायचं. आमच्यात एक शिपाईबाई आहेत. नवरा नाही, दोन मुलं शिकतायत. त्यांनी त्या नऊ दिवसांसाठी शेजारणीकडून साड्या मागून आणल्या, आणि दोन उधारीवर घेतल्या. हे मला डिसेंबरमध्ये कळलं. मग पुढे प्रत्येक दिवसाची वर्गणी सुरू झाली. कुणाचा वाढदिवस, कुठला महिला दिन, कुठला मैत्री दिन. पन्नास, शंभर, दीडशे. नाही म्हणायची सोय नाही, कारण यादी साहेबांच्या टेबलावर. रांगोळी, सजावट, उपमा-शिरा हे सगळं बायकांकडे. पुरुष मंडळी फोटोला येतात.

म्हणून मला असल्या दिवसांची भीती वाटते. कामाचा कंटाळा परवडला, पण आनंदाची हजेरी घेणारा माणूस नको. तुमच्या कारखान्यात ते चांगलं चाललंय हे वाचून बरं वाटलं. पण चांगलं चालण्याचं कारण काय, हे कुणी नीट सांगितलं तर मला हवंय.

मिरज_नाईट_ड्युटी

माचीपेठ ताई, तुमचा शब्द न् शब्द पटला. मी मिरजेत एका हॉस्पिटलमध्ये सिस्टर आहे, लहान मुलांच्या वॉर्डला. 12 मे हा आमचा दिवस, फ्लोरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस. दरवर्षी गुलाब मिळतो, भाषण होतं, आमच्या सेवेला त्याग म्हणतात. नाईट करून आलेल्या मुलींना त्या भाषणासाठी घरी जाता येत नाही. त्या गुलाबाऐवजी दोन तास झोप दिली असती तर जास्त सन्मान झाला असता.

आणि तरीही मी हलक्याफुलक्या दिवसांच्या बाजूनं आहे. 21 मार्चचं सांगते. तो जागतिक डाउन सिंड्रोम दिन, संयुक्त राष्ट्रे तो 2012 पासून पाळतात. या मुलांच्या शरीरात एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात, म्हणून तारीख 21 आणि महिना तिसरा. त्या दिवशी जगभर लोक दोन पायांत दोन वेगळे मोजे घालतात. कुणी विचारलं की सांगायचं, म्हणून मुद्दाम विजोड. आमच्या इन्चार्ज सिस्टरनी परवानगी दिली. पांढरा युनिफॉर्म तोच, फक्त एका पायात हिरवा मोजा आणि एका पायात ठिपक्यांचा.

वॉर्डमधली मुलं सकाळपासून आमच्या पायांकडे बघत होती. एका मुलानं सलाइन लावलेला हात सांभाळत आपलाही एक मोजा काढून शेजारच्या मुलीला दिला आणि तिचा आपण घातला. तिथंच खाली बसलेली एक आई होती. तिची मुलगी डाउन सिंड्रोमची, छातीत कफ झाला म्हणून दाखल. ती बाई आल्यापासून कुणाशी बोलली नव्हती. तिनं विचारलं, सिस्टर, हे मोजे असे का? मी सांगितलं. मग ती पुष्कळ बोलली. मुलीला काय आवडतं, ती कुठल्या गाण्यावर नाचते, शाळेत घेत नाहीत म्हणून कुठं कुठं फिरली. दुसऱ्या दिवशी आम्ही तिची गाठ फिजिओथेरपीच्या मॅडमशी घालून दिली.

मोज्यांनी आमचं काम कमी झालं नाही. ड्युटी तेवढीच होती. पण त्या दिवशीची ड्युटी मला आठवते, आणि ज्या दिवशी काहीच वेगळं नसतं त्या ड्युट्या आठवत नाहीत.

लालपरी_वाहक

मी एसटीत कंडक्टर. आमचा दिवस 1 जून. 1948 साली त्या दिवशी एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला सुटली. आगारात त्या दिवशी कार्यक्रम असतोच, ते वेगळं. आम्ही काहीजण आपल्या गाडीपुरतं करतो. ड्रायव्हर सकाळी गाडी धुऊन घेतो, पुढच्या काचेवर झेंडूचा हार, आणि पहिल्या थांब्यावर चढणाऱ्या प्रवाशाच्या हातावर मी साखर ठेवतो. बहुतेक वेळा ती भाजी घेऊन बाजाराला निघालेली एखादी म्हातारी मावशी असते. साखर खाते आणि पहिला प्रश्न विचारते, 'अर्धंच तिकीट ना रं?' हा प्रश्न तर रोजचाच. पण बोलण्याचा सूर त्या दिवशी वेगळा असतो, तिचाही आणि माझाही.

आमच्या कामात दिवसभर सुट्ट्या पैशांवरून कटकट. त्यात असं एखादं निमित्त मिळालं तर माणूस माणसासारखा बोलतो. महाबळेश्वरच्या फेरीवर असलो की 20 मेला मी मागच्या सीटवरच्या शाळकरी पोरांना सांगतो, आज मधमाश्यांचा दिवस, आणि मधाचं गाव म्हणून सरकारनं 2022 मध्ये जे मांघर जाहीर केलं ते याच तालुक्यात. मग पोरं घाट संपेपर्यंत खिडकीतून मधाच्या पेट्या शोधतात. उलटी व्हायची विसरतात.

तासगावचे_मास्तर

शून्य सावलीबद्दल थोडी भर घालतो, कारण या दिवशी बरेच लोक चुकीच्या तारखेला उन्हात उभे राहतात.

सूर्य बरोबर डोक्यावर येण्याची गोष्ट फक्त कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या गावांत घडते, आणि तीही वर्षातून दोनदा. ज्या दिवशी सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासूनचं त्याचं अंशांतलं अंतर) तुमच्या गावाच्या अक्षांशाएवढी होते तो तुमचा दिवस. सांगली साधारण 16.85 अंश उत्तरेला, म्हणून तिथे 6-7 मेच्या सुमारास. सातारा 17.7 च्या जवळ, म्हणून तिथे 10 मेच्या आसपास. दक्षिणेकडून उत्तरेकडे एकेक गाव पुढे सरकत जातं. वेळ बाराची नाही, आपल्याकडे साडेबाराच्या जरा आधीची, कारण आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर चालतं आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला आहोत. दुसऱ्यांदा हा योग सांगलीत ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

माणसाच्या पायाखाली बघण्यापेक्षा सरळ उभी वस्तू ठेवा. माणूस कधीच नीट ओळंब्यात उभा राहत नाही.

गुण्या_फोरमन

मास्तर, ते आमच्याकडं सोपं हाय. राउंड बारचा तुकडा लेथवर दोन्ही बाजूंनी फेस, म्हणजे सपाट, करायचा, सरफेस प्लेट लेव्हल करून उन्हात ठेवायची, वर बार उभा करायचा, गुण्यानं तपासायचा. येत्या मेमधी करणारच. सावली बाजूला दिसली तर लेव्हल चुकली म्हणून पोरांना पकडता येईल.

घरूनकाम

मी साताऱ्यातून एका कंपनीचं काम घरून करतो. टीम सगळी विखुरलेली. आमच्याकडे फळा नाही, चहाची किटली नाही, त्यामुळे हा धागा वाचून थोडी असूया वाटली.

एक गोष्ट मात्र आम्ही करतो. जुलैचा शेवटचा शुक्रवार हा सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा दिवस. टेड केकाटोस नावाच्या एका अमेरिकी सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरनं तो 2000 साली सुरू केला. सर्व्हर चालू असतो तेव्हा या माणसाची आठवण कुणाला येत नाही. त्या दिवशी आम्ही प्रत्येकजण त्यांना एक ओळ लिहितो, पण अट अशी की नुसतं 'धन्यवाद' लिहायचं नाही. त्यांनी नेमकं कधी काय केलं ते लिहायचं. 'दिवाळीच्या पहाटे माझा पासवर्ड उघडून दिलात', असं. आमच्या अ‍ॅडमिनसाहेबांनी त्या सगळ्या ओळी जपून ठेवल्यात. पुण्याला ऑफिसात जाणं झालं की मी त्यांच्यासाठी कंदी पेढे नेतो, पण त्यांना त्या ओळी जास्त आवडतात असं त्यांनीच सांगितलं.

कृष्णाकाठी

माचीपेठ ताई, तुमचं वाचून बराच वेळ लिहायला सुचलं नाही. चांगलं का चाललंय याचा विचार केला आणि आमच्या फळ्यावाल्या मंडळींनाही विचारलं. जे सापडलं ते सांगते.

आमच्याकडे हे कुणी वरून सुरू केलं नाही. पहिली ओळ पॅकिंगच्या मुलानं लिहिली, मॅनेजरांनी नंतर वाचली. ते येतात, बघतात, आवडलं तर थांबतात. त्यांनी कधी वेळ ठरवून दिली नाही आणि आम्ही मागितली नाही. जे काही होतं ते चहाच्या किंवा जेवणाच्या सुट्टीत.

दुसरं, आम्ही पैसे गोळा करत नाही. एकदा एकानं केकसाठी वर्गणी काढू म्हटलं. आमच्या स्वीपर मावशी तिथंच म्हणाल्या, 'मग मी त्या दिवशी रजा घेते.' तिथंच तो विषय संपला. त्यांनी तसं तोंडावर म्हटलं म्हणून बरं झालं, सगळ्यांना जमतंच असं नाही. तेव्हापासून ज्याच्या डब्यात जे असेल तेच.

आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की दिवस कामाशी जोडलेला असला की आपोआप सगळे त्यात येतात. साडीचा रंग हा तुमच्या पतसंस्थेच्या कामाचा भाग नाही, म्हणून ज्याच्याकडे साडी आहे त्याचाच तो दिवस होतो. फोरमनकाकांच्या बावीस सप्तमांशाला नवे कपडे लागत नाहीत. सिस्टरांच्या मोज्यांना तर जुनेच मोजे लागतात, जोडीतला एक हरवलेला असेल तर आणखी चांगलं.

फोटोचंही आमच्याकडे ठरलंय. फोटो काढायचा तर ज्याचा काढायचा त्याला विचारून, आणि तो कारखान्याच्या ग्रुपवर टाकायचा नाही.

तुमच्या शिपाईबाईंची उधारी फिटली का? विचारायचा अधिकार नाही, पण मनात राहिलं म्हणून विचारते.

माचीपेठ

फिटली. आम्ही चौघींनी मिळून फेडली, त्यांना कळू न देता दुकानदाराकडे जाऊन. यंदा नवरात्रात मी आणि आणखी दोघी पहिल्या दिवसापासून रोज एकाच रंगाची साडी नेसून गेलो. चौथ्या दिवशी फोटो बंद झाला. कुणी काही बोललं नाही.

कामाशी जोडलेला दिवस हे मात्र डोक्यात बसलं. आमच्या कामात सगळ्यात जास्त पायपीट कुणाची, तर रोज फिरून छोटी बचत गोळा करणाऱ्या पिग्मी एजंटांची. राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत दुकान न् दुकान, टपरी न् टपरी. पावसाळ्यात मशीन प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. संस्थेची निम्मी ओळख बाजारपेठेत त्यांच्यामुळे, पण ते कर्मचारी नाहीत, कमिशनवर. आमच्या कुठल्याही फोटोत ते नसतात. मी शोधलं, तर पिग्मीची कल्पना 1928 सालची. उडुपीच्या एका बँकेनं, जी पुढे सिंडिकेट बँक झाली, दारोदारी फिरून रोज अगदी दोन आणेसुद्धा जमा करून घ्यायला सुरुवात केली. विणकर, मजूर, छोटे दुकानदार, ज्यांना बँकेची पायरी चढायची सवय नव्हती त्यांच्यासाठी.

जागतिक बचत दिनही आहे. 1924 साली इटलीतल्या मिलान शहरात बचत बँकांची परिषद भरली होती, तिथे ठरला. जगात 31 ऑक्टोबरला, आपल्याकडे 30 ऑक्टोबरला. बचत दिनाला आमच्याकडे बॅनर लागतो आणि चेअरमनसाहेबांचा फोटो. पण तो दिवस खरा पिग्मीवाल्यांचा आहे असं मला आता वाटायला लागलंय. काय करावं?

लालपरी_वाहक

ताई, दिवसभर उभं राहून काम करणाऱ्याला आधी बसायला द्या. बाकी सगळं नंतर.

मिरज_नाईट_ड्युटी

आणि भाषण नको. हात जोडून सांगते.

घरूनकाम

त्यांच्या मार्गावरच्या दुकानदारांकडून एकेक ओळ लिहून आणता येईल का? 'तुम्ही रोज शंभर रुपये नेलेत म्हणून मुलीची फी भरता आली', अशी. ती ओळ फक्त दुकानदारालाच लिहिता येईल.

कृष्णाकाठी

घरूनकाम यांची कल्पना फार आवडली. पण ताई, आधी एजंटांनाच विचारा. आमच्या चहावाल्या काकांनाही आधी विचारायला हवं होतं असं एक-दोघांचं मत होतं, आणि ते बरोबर होतं.

माचीपेठ

विचारलं. संध्याकाळी हिशेब द्यायला येतात तेव्हा सगळ्यात जुन्या एजंटकाकांना गाठलं. बचत दिनाला तुमच्यासाठी काही करायचं मनात आहे म्हटलं, तर आधी त्यांना वाटलं वर्गणी मागतेय. नाही म्हटल्यावर विचार करून म्हणाले, आम्हाला पैसे मोजायला काउंटरच्या कोपऱ्यात उभं करता, तिथं ट्यूब नाही. फाटकी नोट दिसत नाही, मग ती आमच्या खिशातून जाते. एक टेबल आणि दिवा द्या.

मॅनेजरांशी बोलले. मागच्या खोलीत जुनं टेबल पडून होतं, ते सोमवारी बाहेर काढतोय, ट्यूब वायरमन लावून देईल. त्यासाठी 30 ऑक्टोबरपर्यंत थांबायचं कारण नाही. त्या दिवशी चहा आणि दुकानदारांच्या ओळी. दोघा-तिघांनी लिहून द्यायचं कबूल केलंय. एका पानटपरीवाल्या दादांना लिहिता येत नाही, ते सांगणार आहेत आणि मी लिहून घेणार आहे.